पिवळं बोक्याला

शेजारच्या वहिनींच्या आणि आमच्या परसात कमरेएवढी भिंत आहे. कोल्हापुरात अशा भिंतीवर जे कळतं ते पेपरात येत नाही. परवा दोरीवरचे कपडे काढत होते, तर पलीकडून आवाज, "अहो, तुमचं मांजर गाभण हाय काय?"

"बोका आहे तो, वहिनी."

"मग एवढा फुगलाय कशानं?"

कशानं ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांचा धाकटा तीन महिने जिमला जातोय. रोज सहा अंडी उकडतो, पांढरं स्वतः खातो, पिवळं भिंतीवर ठेवतो. बॉडी करायची हौस त्याला आणि अंग धरलं आमच्या बोक्यानं.

वहिनींनी आवाज खाली आणला. "भात बंद, भाकरी बंद. कार्ब म्हणतोय त्याला. तूप वाढाय गेलं की साप बघितल्यागत मागं सरतंय. आम्ही हितं फॅट कमी लागली म्हणून दूध संस्थेत भांडायचं, आन् ह्याला फॅटच नको! दुपारी बारा वाजले की पोरगं आडवं."

माझी नणंद आहारतज्ज्ञ आहे. तिच्याकडून उचललेलं ज्ञान भिंतीपलीकडे पोचवायची मला खोड आहे. म्हटलं, "वजन किती त्याचं?"

"साठ किलो."

"मग हिशेब करू. मसल वाढवायला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे दिवसाला ९५च्या आसपास. सहा अंड्यांचं पांढरं मिळून होतात २१-२२ ग्रॅम. अख्खी खाल्ली असती तर ३६. राहिलेलं बोक्यानं खाल्लं."

"अगं बया!"

"आणि ए, डी ही जीवनसत्त्वंसुद्धा पिवळ्यातच."

ओट्यावर आबा, वहिनींचे सासरे, पेपर वाचत होते. ऐन उमेदीत तालमीत घुमलेले. त्यांना राहवेना. "आम्ही बदामाची थंडाई प्यालो, दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो. पण भाकरी सोडलेला पैलवान मी न्हाई बघितला!"

आबांचं भाकरीचं खरं, पण त्यांचा खुराक जसाच्या तसा उचलण्यासारखा नाही. म्हशीच्या लिटरभर दुधात प्रोटीन ४० ग्रॅमच्या आतबाहेर आणि फॅट साठाच्या पुढे. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रोटीन आणि कार्बला ४-४. पहाटे उठून हजार बैठका मारणाऱ्याला ते जिरतं. पुढं तालीम सुटते, खुराक सुटत नाही, आणि पोट सदऱ्याबाहेर येतं. (हे आबांसमोर बोलले नाही. त्यांचं पोट समोरच होतं.)

"पण भाकरीनं बॉडी कशी हुणार?" वहिनींची शंका रास्त होती.

"बॉडी वजन उचलून होते, वहिनी, आणि उचलायला लागणारी ताकद भाकरीतून येते. ती नसली की शरीर प्रोटीनच जाळायला काढतं. घर बांधायला आणलेलं सागवान चुलीत घातल्यासारखं. म्हणून दुपारी आडवा पडतोय तो."

जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात ६५-७० ग्रॅम कार्ब असतात, आणि प्रोटीनही १० ग्रॅम. त्यात लायसिन कमी पडतं, ते डाळीच्या पिठातून भरून निघतं. आपल्या झुणका-भाकरीनं ही जोडी कधीच जुळवून ठेवलीय. वर चमचाभर शेंगतेल घातलं तर साप चावत नाही. एकूण कॅलरीतला साधारण पाचवा हिस्सा तरी फॅटचा असावा. आणि प्रोटीनचे ते ९५ ग्रॅम एका दमात गिळायचे नसतात. सकाळी अंडी, दुपारी उसळ-दही, रात्री डाळ, मधे मूठभर शेंगदाणे. शेंगदाण्यांना लोक प्रोटीन समजून खात सुटतात, पण त्यात प्रोटीनच्या जवळजवळ दुप्पट फॅट असतं. म्हणून मूठभरच.

"एवढं सगळं मी सांगू? माझं ऐकतंय व्हय ते?"

आबांनी पेपर घडी केला. "मी सांगतो. भाकरी खाऊन ये, मग माझ्याशी पंजा लढव म्हणतो."

पंजात कोण हरलं ते दोघंही सांगत नाहीत. सोमवारपासून पोरगं दोन भाकऱ्या, झुणका आणि अख्खी अंडी खातंय. बोका भिंतीवर बसून सकाळभर ओरडतो. वहिनींना विचारलं, ह्याचं काय करायचं?

"त्याला आता जिमला घाला," म्हणाल्या.