तालुक्यात पहिला

दहावीला तालुक्यात पहिला येणे हे वरकरणी यश दिसत असले, तरी व्यवहारात ते वर्षभराच्या मुदतीचे पद असते. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता ते मिळते आणि पुढच्या निकालाच्या दुपारी आपोआप सुटते. सरपंचाला अविश्वास ठरावाची धास्ती असते, नगराध्यक्षाला न्यायालयाची; या पदावर बसलेल्याला मुदतीच्या आत कोणी हलवू शकत नाही. पदाला मानधन नाही, पण शाली मिळतात.

या पदावर नेमणूक कोण करते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पूर्वी ते काम महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडे होते. गुणवत्ता याद्या लागत, वर्तमानपत्रांत छापून येत, आणि ‘बोर्डात आला’ एवढ्या दोन शब्दांत माणसाची ओळख जन्माची पुरी होई. २००० नंतरच्या दशकात मंडळाने या याद्या बंद केल्या. मुलांमधली जीवघेणी स्पर्धा कमी व्हावी, हा हेतू. स्पर्धा तेवढीच राहिली; पंच तेवढे गेले. आज राज्यात नऊ विभागीय मंडळे आहेत आणि तालुक्यात पहिला कोण हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ते काम शाळेचे लिपिक करतात. निकाल लागला की ते शेजारच्या शाळांतल्या लिपिकांना फोन लावतात, ‘तुमचा कितीवर आहे?’ असे विचारतात आणि आपला आकडा बाहेर काढण्याआधी समोरच्याचा काढून घेतात. संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचे नाव वार्ताहराच्या वहीत सर्वांत वर असते, तो पहिला. सहानंतर एखाद्या आश्रमशाळेतून जास्त गुणांची बातमी आली, तर तिचा विचार होत नाही; पान लागलेले असते.

पहिलेपणाचा तुटवडा पडू नये म्हणून त्याचे पोटप्रकारही पाडण्यात आले आहेत. शाळेत पहिला, केंद्रात पहिला, मराठी माध्यमात पहिला, सेमी इंग्रजीत पहिला, समाजात पहिला आणि पतसंस्थेच्या सभासदांच्या पाल्यांत पहिला असे निदान सहा पहिले कोणत्याही तालुक्याच्या गावात एकाच वेळी आढळतात. मात्र बसस्थानकासमोरचा मोठा फलक तालुक्यात पहिल्या आलेल्यालाच मिळतो. प्रस्तुत विवेचन त्याच्यापुरते मर्यादित आहे.

त्याच्या गुणांची रचना समजून घेणे आवश्यक आहे. परीक्षा सहाशे गुणांची असते, पण २०१० पासून सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून पाचशेपैकी टक्के काढतात. त्यात कला, क्रीडा यांचे वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी असेल तर सात. समजा, एका मुलाला पाच विषयांत ४८४ गुण आहेत. चित्रकलेचे सात मिळून ४९१ होतात, म्हणजे ९८.२० टक्के. दुसऱ्याला निव्वळ अभ्यासाचे ४९० आहेत, म्हणजे ९८.००. पहिला एका गुणाने पहिला ठरतो. दुसऱ्याच्या आईच्या मते मात्र तो एका मोराने पहिला ठरतो, कारण चित्रकलेच्या परीक्षेत त्याने मोर काढला होता आणि मोराची मान तिच्या मते बदकाची होती. हा वाद हळदीकुंकवापर्यंत पोचतो. पहिल्याची आई त्यावर फक्त, ‘यांच्या मुलालाही बसवायचं होतं की परीक्षेला,’ एवढेच म्हणते आणि वाण पुढे करते.

निकालाच्या दिवशीचे पहिले सार्वजनिक कर्तव्य म्हणजे पेढा खाणे. हे वाटते तितके सोपे नाही. वार्ताहराला लागते ते छायाचित्र ठरलेले असते: मधे मुलगा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, आईच्या हातात पेढा, मुलाचे तोंड अर्धे उघडे. पहिल्या वेळी मुलगा पेढा खरोखर खातो आणि छायाचित्र हुकते. ‘आता नुसता धरा, खाऊ नका,’ अशी सूचना मिळते. आजीला फ्रेममध्ये घेण्यासाठी पुन्हा एकदा, मुख्याध्यापक आल्यावर पुन्हा एकदा आणि क्लासचे सर आल्यावर पुन्हा एकदा असा एकच पेढा चार वेळा भरवला जातो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पेढा ठळक दिसतो.

बातमीचा मजकूरही ठरलेला असतो. यश घवघवीत असते, भरारी उत्तुंग असते आणि परिस्थिती प्रतिकूल असते. वडिलांची बारा एकर बागायत असली तरी मुलगा ‘शेतकऱ्याचा’ असतो. वडील मुख्य बाजारपेठेत सराफ असले तरी ते ‘छोटे व्यावसायिक’ होतात. मथळ्यात ‘यशाला गवसणी’ घातलेली असते. गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर चढवायची खोळ. तंबोरे मोजकेच उरल्यामुळे हा शब्द हल्ली वर्षाचा बहुतेक काळ मोकळा असतो आणि दहावीच्या निकालाला कामाला लागतो.

मुलाखतीत मुलाला चार प्रश्न विचारले जातात. अभ्यास किती तास केला, श्रेय कोणाला, छंद कोणता आणि पुढे काय होणार. उत्तरे अशी: सहा तास, आईवडील आणि गुरुजन, वाचन, आयएएस. चौथ्या उत्तरात पूर्वी ‘डॉक्टर’ असे, आणि डॉक्टर होऊन ‘गावातल्या गोरगरिबांची सेवा’ करायची असे. मोबाइल वापरतोस का, या प्रश्नाला ‘फक्त अभ्यासासाठी’ असे उत्तर असते. त्या वेळी मोबाइल आईच्या हातात दिलेला असतो.

बातमीपाठोपाठ फ्लेक्स येतो. हा दहा बाय आठ फुटांचा असून त्यात मुलाचे छायाचित्र शाळेच्या ओळखपत्रावरून घेतलेले असते. ओळखपत्राचे छायाचित्र आठवीतले असल्यामुळे तालुक्याची शान म्हणून गावापुढे येतो तो तेल लावून चापून भांग पाडलेला, दचकलेला बालक. त्याच्या डोक्यावर पक्षाच्या राष्ट्रीय नेत्यांपासून वॉर्डाच्या युवा अध्यक्षापर्यंतची चेहऱ्यांची पट्टी असते आणि पायाशी शुभेच्छुकांची. एकूण सव्वीस चेहऱ्यांत विद्यार्थी एकच असतो. ‘भावी जिल्हाधिकारी’ ही उपाधी तो अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीच धारण करतो. पदावर मुलगी असेल तर ‘सावित्रीची लेक’ लिहितात. बाकी शुभेच्छुक तेच असतात. जवळच तीन खासगी क्लासचे तीन फलक लागतात आणि तिन्हींवर हाच मुलगा ‘आमचा विद्यार्थी’ असतो. पहिल्या क्लासला तो दोन वर्षे गेलेला असतो, दुसऱ्याला सराव परीक्षेपुरता आणि तिसऱ्याला एकदा, पावसात आडोशाला.

यानंतर सत्कारांचा हंगाम सुरू होतो. तो जुलैअखेरपर्यंत चालतो आणि गणेशोत्सवात त्याला पुन्हा पालवी फुटते. शाळा, क्लास, पतसंस्था, समाजाचे मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, आमदार, माजी आमदार आणि भावी आमदार हे सत्कार करतात. प्रत्येक सत्कारात शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पुस्तक असते. नारळांमुळे त्या घरात दोन महिने ओल्या खोबऱ्याच्या वड्या होतात. शाली आईच्या कपाटात जातात, तिथून लग्नकार्यात आहेर म्हणून बाहेर पडतात आणि एखादी पुढच्या वर्षीच्या पहिल्याच्या खांद्यावर पोचते. पुस्तक बहुधा अब्दुल कलामांचे ‘अग्निपंख’ असते किंवा विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’. सातव्या ‘अग्निपंख’नंतर मुलगा वेष्टन न उघडता पुस्तक ओळखू लागतो.

सत्काराच्या सभेत मुलगा सर्वांत कमी बोलतो. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि विशेष उपस्थिती असलेले मान्यवर आपापल्या विद्यार्थिदशेविषयी सविस्तर सांगतात. त्यांतले बहुतेक गणितात नापास झाल्याचे अभिमानाने नमूद करतात. एखादा जाणकार वक्ता चिंतामणराव देशमुखांचा दाखला देतो. ते १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. दाखला खरा आहे. मात्र १९१२ पासून आजवरचे बाकीचे पहिले कुठे गेले, हा विषय वेळेअभावी राहून जातो. शेवटी मुलाला ‘दोन शब्द’ बोलायला सांगतात. तो खरोखर दोनच बोलतो आणि टाळ्या पडतात.

ऑगस्टपर्यंत मुलाविषयीच्या दंतकथा तयार होतात. तो एकदा वाचले की विसरत नाही. पहाटे तीनला उठतो. वीज गेली तर देवघरातल्या समईवर अभ्यास करतो. यांपैकी एकही गोष्ट त्याने सांगितलेली नसते. त्याच्या आईनेही नाही. ती त्याला साडेसातला पांघरूण ओढून उठवत होती. दंतकथांचा त्रास आसपासच्या मुलांना होतो. गल्लीतल्या प्रत्येक घरात ‘त्याच्याकडे बघ जरा’ हे वाक्य दिवसातून दोनदा उच्चारले जाते. मुले बघतात. त्यांना तो चौकात भेळ खाताना दिसतो. घरी येऊन तसे सांगितले तर, ‘त्यानं मिळवून दाखवलेत, आता खाईल नाही तर काय,’ असे उत्तर मिळते.

त्याच्या वह्यांना वेगळे आयुष्य लाभते. शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या विज्ञानाच्या नोट्सची प्रत कायम ठेवलेली असते आणि पुढच्या सलग पाच तुकड्या तीच विकत घेतात. त्यात ‘भिंगे’ या पाठात घाईत एक चूक झालेली असते: निकटदृष्टितेवर अंतर्वक्र भिंगाऐवजी बहिर्वक्र भिंगाचा उपाय लिहिलेला असतो. मुलाने स्वतः उत्तरपत्रिकेत बरोबर लिहिले होते. पण नोट्स पहिल्याच्या असल्यामुळे पुस्तकात काहीही छापले असले तरी तालुक्यात निकटदृष्टितेला पाच वर्षे बहिर्वक्रच भिंग लागते.

वडिलांचेही रूपांतर होते. आजवर ‘खताच्या दुकानवाले’ असलेले गृहस्थ ‘पहिल्या आलेल्याचे वडील’ होतात आणि शिक्षण या विषयावर अधिकारवाणीने बोलू लागतात. युरियाचे पोते उचलता उचलता शेतकऱ्याला मुलाच्या अकरावीच्या शाखेबद्दल सल्ला मिळतो. ‘आम्ही याला कधी अभ्यास कर म्हणालो नाही,’ हे त्यांचे आवडते वाक्य. ते ऐकताना मुलगा आतल्या खोलीत जातो.

या कीर्तीची हद्द निश्चित असते. तालुक्याच्या गावातून निघालेल्या एसटीने दुसरा थांबा ओलांडला की ती संपते. मुलाला हे अकरावीत कळते. ‘लातूर पॅटर्न’ची ख्याती ऐकून वडील त्याला लातूरला ठेवतात. २०२५ च्या निकालात राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के होते आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. पहिल्याच तासाला सर विचारतात, ‘पंच्याण्णवच्या वरचे कोण?’ आणि वर्गभर हात वर होतात. मग ते खालचे विचारतात. दोन हात वर होतात आणि सगळा वर्ग कुतूहलाने त्या दोघांकडे वळून बघतो. मेसमध्ये समोर बसलेला मुलगा कळंब तालुक्यात पहिला असतो, शेजारचा मुखेडमध्ये, आणि पोळ्या वाढणारा आपणही किनवटमध्ये तिसरे होतो असे सांगतो. पहिल्या चाचणीत आपला पहिला तुकडीत त्रेसष्टावा येतो. रात्री घरून फोन येतो. ‘कसं चाललंय?’ ‘चांगलं चाललंय.’ एवढ्यावर विषय संपतो, आणि वडील दुकानात ‘तिकडंही पुढंच आहे’ असे सांगतात.

पुढील मे-जूनमध्ये नवा निकाल लागतो. बसस्थानकासमोरच्या लोखंडी चौकटीवर नवा फ्लेक्स चढतो. जुना उतरवताना कोणी खेद करत नाही. आठवडी बाजारातल्या कांदेवाल्याने तो आधीच मागून ठेवलेला असतो.

तालुक्यात पहिला आलेला पुढे बहुधा चांगल्या नोकरीला लागतो. जिल्हाधिकारी क्वचित होतो. पुण्याला हिंजवडीत किंवा एखाद्या बँकेत असतो आणि गणपतीला गावी येतो. गावाने त्याला विसरलेले नसते. केशकर्तनालयात त्याच्याकडे बोट दाखवून म्हातारा गिऱ्हाइकाला सांगतो, ‘हा आमच्या तालुक्यात पहिला आलावता. नव्याण्णव टक्के!’ दर दोन-तीन वर्षांनी हा आकडा थोडा वाढतो. पहिला हसतो आणि नम्रपणे दुरुस्ती करतो: ‘नाही काका, अठ्ठ्याण्णव पॉइंट वीस.’ गावात हा आकडा दशांशासह बरोबर आठवणारी माणसे दोनच असतात. त्यांतले सात गुण चित्रकलेचे होते, हे तो सांगत नाही. ते दुसरा सांगतो. त्याचे बसस्थानकासमोर औषधांचे दुकान आहे.