जवारीची मजुरी

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाचा मंडप भरतो. मागचे दोन तानपुरे झंकारू लागतात आणि गायकाचा षड्ज लागण्याआधीच आपल्या तोंडून ‘वा’ निघतं. ही पहिली दाद जवारीची, म्हणजे घोडी घासून तारांना आणलेल्या झंकाराची असते. १९५३ पासून हा महोत्सव ऐकणाऱ्या पुण्याला गायकाची गुरुपरंपरा तोंडपाठ आहे. तानपुरा कुणी घडवला, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो बहुधा मिरजेचा असतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा, मग त्याला दांडी जोडायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मानांकनानं नावाला संरक्षण मिळतं, कारागिराची मजुरी ठरत नाही.

खरी अडचण अशी, की चांगला तानपुरा दोन-दोन पिढ्या टिकतो. एकदा तानपुरा घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा नवा घ्यायला कशाला येईल? त्यात १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि आता तर तो मोबाइलमध्येच आला. रियाजाला तो सोयीचा आहे, मान्य. म्हणजे कारागिराला उरली दुरुस्ती.

आणि नेमकं तिथेच आपण हात आखडतो. ‘जरा जवारी बघता का?’ म्हणजे जणू चहा होईपर्यंतचं काम! तारांनी घोडीवर चरे पाडलेले असतात. तारा सैल करायच्या, कानस फिरवायची, पुन्हा चढवायच्या, तारांखालचं सूत सरकवत ऐकायचं. मनासारखा झंकार येईना, की परत तारा उतरवायच्या. हातापेक्षा कानाचं काम जास्त, आणि तो कान तयार व्हायला वर्षं जातात. गाण्याच्या शिकवणीची फी निमूट भरणारे आपण इथे शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. कारागिराचा मुलगा हे पाहत असतो. उद्या त्यानं नोकरी धरली, तर ‘कला लोप पावतेय’ म्हणून हळहळायचा आपल्याला काय अधिकार?

संगीत मंडळांनी ध्वनिव्यवस्था आणि हारतुऱ्यांच्या खर्चाशेजारी जवारीची रक्कम लिहावी, कार्यक्रमपत्रिकेत वाद्य घडवणाऱ्याचं नाव छापावं. आणि ज्यांच्या घरी तानपुरा गवसणीत पडून आहे, त्यांनी याच आठवड्यात तो कारागिराकडे न्यावा. सांगेल ती मजुरी द्यावी.