पोटातल्या संशयित भाडेकरूस अनावृत पत्र

श्री. हेलिकोबॅक्टर पायलोरी (जिवाणू),
मु. पो. जठर, बुळबुळीत अस्तराच्या आत.

स. न. वि. वि.

आपण माझ्याकडे राहता की नाही, हे अजून सिद्ध झालेले नाही. सकाळची मळमळ, दोन घासांत डब्ब होणारे पोट, करपट ढेकर एवढ्या तक्रारी दाखल आहेत. पण डॉक्टर म्हणतात, एवढ्यावरून कुणाचेही नाव घेता येत नाही. श्वासाच्या चाचणीची तारीख मिळाली आहे. तोवर एकत्र नांदू.

माझे गाऱ्हाणे वेगळेच आहे. आपण घरी सापडावे म्हणून मला बरे वाटणारी गोळीच बंद करावी लागली! पॅन्टोप्राझोल निदान दोन आठवडे आधी थांबवायचे, अँटिबायोटिक चार आठवडे आधी. नाहीतर आपली संख्या रोडावते आणि असूनही आपण नाही असा दाखला मिळतो. मळमळ माझी, बडदास्त आपली. मधल्या काळात साधे अँटासिड, तेही डॉक्टरांना विचारून.

आपल्या हिकमतीला मात्र दाद द्यावी लागेल. युरिया फोडून अमोनिया करायचा आणि त्याच्या आडोशाने अ‍ॅसिडात संसार थाटायचा! याच खोडीवर चाचणी बेतली आहे: खुणेचा कार्बन घातलेला युरिया मी पिणार, आपण तो फोडणार आणि पिशवीत फुंकलेल्या श्वासातून चहाडी होणार. १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी तर आपल्याला मुद्दाम पिऊन टाकले, काही दिवसांत उलट्या काढल्या, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल घेतले. आमच्याकडे आपण बहुधा लहानपणीच येता, न विचारता, आणि बहुतेकांच्या पोटात जन्मभर मुकाट राहता. मग माझ्याच वाट्याला ही कटकट का?

तारीख कळल्यापासून घरी सल्लागार मंडळ बसले आहे. मावशींचा पुदिना नाकारला. त्याने अन्ननलिकेची झडप सैलावते, जळजळ वाढू शकते. आल्याचा तुकडा ठेवून घेतला. शेजारचे काका रोज म्हणतात, "पॅन-डी घे रे, काही होत नाही." त्यातही पॅन्टोप्राझोलच. खरे आहे, मग चाचणीतही काही दिसत नाही.

सध्याचा मेनू असा: थोडा थोडा मऊ भात, तळण बंद, पाणी घोटाघोटाने. जेवल्यावर दोन-तीन तास आडवे व्हायचे नाही आणि पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर. डोके दुखले तरी आयबुप्रोफेन नाही. उगाच जठराला आणखी एक शत्रू कशाला?

एक ताकीद. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, घास अडकणे किंवा वजन उतरणे यांपैकी काहीही झाले, तर तारखेची वाट पाहणार नाही. तडक इस्पितळ गाठणार आणि गरज पडली तर दुर्बीण आत येईल.

कळावे, लोभ नसावा.

आपला (असल्यास) घरमालक

ता. क. आपण सापडला नाहीत, तर हेच पत्र पित्ताशयाला पाठवीन. सोनोग्राफीची चिठ्ठी आधीच खिशात आहे. मायना तेवढा बदलावा लागेल.