स्पॅममध्ये बघितलंस का?

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, हे काका संक्रांतीच्या सुमारास हमखास भेटतात. मंडळाच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवतात, ‘गोड बोला’ एवढंही पुरतं म्हणत नाहीत आणि तुम्हाला खांबाआड नेऊन विचारतात, "तुमच्या चिरंजीवांना इंटरव्ह्यूचा ईमेल आला?"

काकांची कन्या शाळेच्या शेवटच्या वर्षात. कॉलेजप्रवेशाचे अर्ज १ जानेवारीच्या मुदतीत रवाना झालेत, निकाल मार्चअखेर. मधल्या काळात करण्यासारखं काही नाही, आणि काही न करणं काकांना शिकवलेलं नाही. म्हणून ते लेकीला दिवसातून तीनदा विचारतात, "स्पॅममध्ये बघितलंस का?"

वास्तविक हार्वर्ड-येलची ही मुलाखत घेतात बहुतेक माजी विद्यार्थी. तीही बिनपगारी, हौसेनं, कॉफीच्या दुकानात नाहीतर झूमवर. अर्जदार उदंड आणि हौशी मंडळी मोजकी, म्हणून सगळ्यांना बोलावता येत नाही. न बोलावल्यानं अर्जाचं काही बिघडतही नाही, असं दोन्ही विद्यापीठं स्वच्छ सांगतात. काकांना तो मजकूर पाठ आहे. "अहो, तसं म्हणावंच लागतं. मुलगी बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणत नाहीत का लोक?"

मग ते एक्सेल उघडतात. कुणाच्या मुलाला, कुठून, कितव्या दिवशी बोलावणं आलं, सगळं रंगांसकट. कोलंबियानं ही पद्धतच बंद केली आणि ब्राउन मुलाखतीऐवजी छोटा व्हिडिओ घेतं, त्यामुळे त्या दोन रकान्यांपुरती काकांना शांत झोप लागते. येलचा रकाना मात्र छळतो. "न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर. तिथे येलवाल्यांचा दुष्काळ पडलाय?"

"बाबा, चिल," लेक म्हणते.

"अहो, तिला नाही बोलावलं तर तुम्हीच जाऊन या," काकू म्हणतात.

काकूंना हसू नका, त्यांनी नेमकं दुखणं पकडलंय. काकांचं आयुष्य मुलाखतींनीच घडलं. कॅम्पसमधली पहिली नोकरी, मुंबईच्या वकिलातीतला व्हिसा, शेवटी इथलं नागरिकत्व. प्रत्येक वेळी समोर कुणीतरी बसलेलं होतं, प्रश्न विचारत होतं आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून उत्तरं देत होते. आदल्या रात्री घोकंपट्टी केली की दार उघडतं, हा त्यांचा अनुभव. इथे मात्र बंद खोलीत कुणी अनोळखी माणसं लेकीचा निबंध वाचणार, काहीतरी ठरवणार आणि कुणाला काही विचारणारसुद्धा नाहीत! जिथे प्रश्नच नाही, तिथे तयारी कशाची करायची?

आणि समजा, फेब्रुवारीत बोलावणं आलंच, तर? लेक परस्पर उत्तर पाठवते, जीन्स घालून जाते आणि तासाभरात घरी येते.

"काय विचारलं?"

"विशेष काही नाही. त्या बाईंकडेही कुत्रा आहे. बराच वेळ त्याच्यावरच बोललो."

काका रात्रभर छताकडे बघतात. सकाळी तुमचा फोन वाजतो. आवाज खाली गेलेला.

"अहो, ऐकलंत का? ज्यांचं पक्कं असतं, त्यांना म्हणे ते बोलावतच नाहीत. शंका असली, तरच भेटतात!"