मनगटावरचा मुकादम

यवतमाळ जिल्ह्यात विनाकारण धावणाऱ्या माणसाबद्दल दोनच अंदाज बांधले जातात. एक तर त्याची पोलीस भरतीची तयारी चालू असावी, नाही तर त्याच्या मागे कोणीतरी लागलेलं असावं. माझं वय आणि पोट पाहता पहिला अंदाज आपोआप बाद होतो. त्यामुळे शहराबाहेरच्या टेकड्यांकडे पांदण रस्त्याने पळत निघालो, की शेतावर चाललेला एखादा सायकल थांबवतो, माझ्या मागची वाट नीट बघून घेतो आणि विचारतो, "काहून पळून राह्यले भाऊ? कोणी मांगं लागलं काय?"

लागलंय. जीपीएसचं घड्याळ.

हा मुकादम वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांना विचारून माझी हजेरी मांडतो. उपग्रहांचं काही नाही, अडचण सागाची आहे. पावसाळ्यात सागाची पानं सुपाएवढी होतात. ओल्या पानांत संदेश अडकतात, काही इकडेतिकडे आपटून उशिरा पोचतात, आणि घड्याळाला वाटतं मी सरळ वाट सोडून कधी डावीकडे, कधी उजवीकडे झोकांड्या खात गेलो. नकाशावरची ती रेघ पाहून सौभाग्यवतींनी "सकाळी सकाळीच?" एवढंच विचारलं. झोकांड्यांपायी जे अंतर फुकटात वाढतं, त्यावरून मात्र मी घड्याळाशी कधी वाद घातलेला नाही. उन्हाळ्यात पानगळ होते, रेघ सरळ येते; पण तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि सरळ पळायला माणूसच शिल्लक नसतो.

उंची ते हवेच्या दाबावरून काढतं. दाब एका मिलिबारने उतरला, की स्वारी आठेक मीटर चढली असं धरून चालतं. आभाळ भरून आलं, की मी दिवाणावर पडल्या पडल्या टेकडी चढतो. असा चढ मला मानवतो.

काळ्या मातीचं मात्र त्याला काही कळत नाही. पाऊस पडून गेल्यावर धुऱ्यावरून पळा, दर पावलाला बूट जड होत जातो आणि वेग बैलबंडीच्याही खाली येतो. एकदा शेजारच्या कपाशीत बाया वाकून निंदण करत होत्या, आणि नेमकं तेव्हाच घड्याळाने माझ्या कसरतीवर शेरा मारला: 'अनप्रॉडक्टिव्ह'. एरवी ते इतकं अचूक नसतं.

जिल्ह्यातला जीपीएस बांधून फिरलेला खरा गडी टिपेश्वर अभयारण्यातला. फेब्रुवारी २०१९ मध्ये या तरुण वाघाच्या गळ्यात कॉलर घातली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो जो निघाला, तो तेलंगणात डोकावून, नांदेड, हिंगोली करत वर्षअखेरीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथली पुढची भटकंती धरून नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर. दिवसा लपायचं, रात्री शेतं-नाले ओलांडायचे. गुडघ्याला पट्टा नाही, इलेक्ट्रॉलची पुडी नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'. पळाला असता तर काय झालं असतं! त्याची कॉलर तासाला एक नोंद करायची, माझं घड्याळ सेकंदाला एक करतं. नोंदी मोजल्या तर मी त्याच्या कितीतरी पुढे आहे. आणि त्याला निदान हद्द आणि जोडीदारीण शोधायची होती. माझ्या घरी दोन्ही आहेत, हद्दीसकट ठरवून दिलेल्या.

परवा टेकडीमागे एका गुराख्याबाबांनी हातातली काठी टेकवून घड्याळ न्याहाळलं. मी त्यांना किलोमीटर दाखवले, नाडीचे ठोके दाखवले, रेघही दाखवली.

"वाघ कुठं हाय ते दिसते काय याच्यात?"

"नाही बाबा. मीच कुठं आहे ते दिसतं."

"तुमी तं इथंच हा ना," बाबा म्हणाले. "नाई, काल त्या नाल्यात पावलं उमटली होती, म्हनून इचारलं."

परतीच्या पहिल्याच किलोमीटरला घड्याळ थरथरलं: नवा वैयक्तिक विक्रम. घरी पोचल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, आजचं धावणं कसं वाटलं? सोपं, मध्यम की कठीण? मी 'सोपं' वर बोट ठेवलं. खरंच, पाय इतके हलके कधी पडले नव्हते.