हरलेल्यांचे भाऊ

यवतमाळच्या दत्त चौकाजवळ दर चार वर्षांनी पानठेल्यावर एक निवड समिती बसते. सदस्य येतील तितके, अध्यक्ष एकच: भाऊ. असे भाऊ वणीत खाणीची पाळी संपवून येतात, पुसदला कोर्ट सुटल्यावर येतात, दारव्ह्यात तर सकाळपासून बसलेलेच असतात. फुटबॉलच्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू यांच्या मते इथेच ठरतो. फिफा नुसता शिक्का मारते, तोही चुकीचा.

भाऊंनी चेंडूला पाय लावलेला कुणी पाहिलेला नाही. ऑफसाइडचा वाद निघाला की ते खर्रा घोटायला घेतात आणि वाद मिटेपर्यंत पन्नीवरून नजर उचलत नाहीत. पण खेळाडू पारखायची वेळ आली, की बाजार समितीतला व्यापारी गाडीतला चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत ओढून भाव सांगतो, तसे भाऊ पहिल्या दहा मिनिटांत भाव सांगतात. अर्थात पाडूनच.

त्यांचा नियम एकच. जो कप जिंकला, तो सर्वोत्तम नाही. "कप भेटला न बे त्याले, अजून कायले पायजे?" यावर कुणी हसलं की भाऊ इतिहास काढतात. 1994 साली रोमारिओला कप आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल दोन्ही मिळाले. त्यानंतर? 1998 ला रोनाल्डो, ब्राझील अंतिम सामन्यात 3-0 ने हरलेलं. 2002 ला ऑलिव्हर कान, 2006 ला झिदान, 2014 ला मेस्सी, 2018 ला मॉड्रिच, सगळे अंतिम सामना हरलेले. 2010 चा फोर्लान तर अंतिम सामन्यातही नव्हता, उरुग्वे चौथं आलं होतं. सलग सहा वेळा! यातलं एकही नाव खोडता येत नाही, हीच पंचाईत आहे.

त्यातही कान म्हणजे भाऊंचा जीव. रिव्हाल्डोचा फटका त्याच्या हातून निसटला, रोनाल्डोने गोल केला आणि जर्मनी हरली. "एक बॉल सुटला म्हून का मानूस वाईट होते?" असं म्हणताना भाऊंचा गळा खरंच दाटतो. झिदानने मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला, हे सांगताना मात्र ते उभे राहतात, प्रात्यक्षिकासाठी. जवळचे लोक दोन पावलं मागे सरतात.

विश्वचषक बहुधा जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीत येतो. 2014 ला ब्राझीलहून बरेच सामने मध्यरात्रीनंतर दिसायचे. "रातभर ब्राझीलची राखन केली, आता आपल्या वावरात कोन जाईन?" हा वहिनींचा प्रश्न. भाऊंकडे याचं उत्तर नसतं. फोर्लानबद्दल विचारलं असतं तर होतं.

2022 ने भाऊंचा घात केला. 18 डिसेंबरच्या रात्री मेस्सीने कप उचलला आणि गोल्डन बॉलही त्यालाच मिळाला. अभ्यासिकेतली एमपीएससीवाली पोरं नाचत होती. भाऊ गप्प. मग म्हणाले, "एम्बाप्पे." पोरं मेस्सीचे सात गोल सांगू लागली. एम्बाप्पेचे आठ, त्यातले तीन अंतिम सामन्यातले. तिथे हॅटट्रिक त्याच्याआधी फक्त जेफ हर्स्टची, 1966 ची, आणि हर्स्ट जिंकला होता. "तीन मारून हरला! याच्यावर कोन आहे?" 2014 चा मेस्सीचा गोल्डन बॉल जगभर अनेकांना पटला नव्हता आणि 2022 चा बहुतेकांना पटला. भाऊंचं नेमकं उलट. "तवा बरोबर देल्ला होता. तवा हरला होता न तो."

हा स्वभाव फुटबॉलपुरता नाही, अशी मला शंका आहे. विदर्भाने 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हाही भाऊंनी पेढा घेतला तो जरा नाराजीनेच.

पोरांनी मध्यंतरी त्यांना एक बातमी दिली. 2026 पासून विश्वचषकात 32 ऐवजी 48 संघ. भाऊंनी खर्रा बाजूला ठेवून हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. आधी एका स्पर्धेत हरणारे 31 असायचे, आता 47.