भिंतीवर लंडन टांगण्याची कृती

आधी भिंत ठरवावी. मग जुन्या भुयारी रेल्वेचा नकाशा. लंडनला जाऊन आलेलं असण्याची अट नाही. उलट न गेलेल्याच्या घरी तो जास्त शोभतो. गेलेला माणूस पाहुण्यांना प्रत्येक स्टेशनावर उतरवून चहा गार करतो.

दुकानात नकाशा 'बेकचा' म्हणून मागावा. दुकानदाराला कळेलच असं नाही, पण शेजारच्या गिऱ्हाइकावर छाप पडते. हॅरी बेक हा सिग्नलच्या कचेरीतला ड्राफ्ट्समन, विजेच्या जोडण्यांचे आराखडे काढणारा. 1931 साली फावल्या वेळात त्यानं सगळे मार्ग आडवे, उभे किंवा 45 अंशांत बसवले, मधला गिचमिड भाग फुगवला आणि लांबची उपनगरं आत ओढून घेतली. जमिनीवरची एक थेम्स तेवढी ठेवली, तीही कोपरे मारून. साहेबांनी आधी नाहीच म्हटलं. 1933च्या जानेवारीत खिशात मावेल अशी घडी छापली, तेव्हाही मुखपृष्ठावर प्रवाशांचा अभिप्राय मागून ठेवला. फसलं तर म्हणायला बरं. लोकांनी तो उचलून धरला. बेकच्या हाती मोजक्या गिनी पडल्या. पुढे 1960पर्यंत तो नकाशा सुधारत राहिला आणि मग त्याच नकाशावर दुसऱ्याचं नाव छापून आलं. हे सांगताना सुस्कारा टाकावा. पाहुणे सरकारी नोकरीतले असतील तर तो तेच टाकतील.

आता जुनेपणाची परीक्षा. कागद पिवळा आहे यावर जाऊ नये; चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा पिवळेपणा हल्ली छापूनच मिळतो. नजर रेघांवर ठेवावी. '1933' असं लिहिलंय आणि करड्या रंगाची ज्युबिली लाइन दिसतेय, तर पिशवी उचलून निघावं, कारण ती 1979ची. फिकट निळी व्हिक्टोरिया 1968च्या आधी नव्हती. 'नॉर्दर्न' हे नाव 1937चं. त्याआधी त्या मार्गाला एजवेअर, हायगेट अँड मॉर्डन असं लांबलचक नाव होतं. 'ब्रिटिश म्युझियम' नावाचं स्टेशन सापडलं तर मात्र घासाघीस करू नये. ते 1933च्या सप्टेंबरातच बंद झालं.

एवढं लक्षात राहत नसेल त्यांनी फक्त डॉलिस हिल शोधावं, वायव्येला. 1932 साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवरच आहे, तेव्हा बोट ठेवायला निमित्तही मिळतं. बेकच्या पहिल्या नकाशात हे स्टेशन मेट्रोपॉलिटनच्या जांभळट रेघेवर आहे. 1939पासून ते बेकरलूच्या तपकिरी रेघेवर गेलं आणि 1979मध्ये ज्युबिलीच्या करड्या. स्टेशन जागचं हललं नाही, रंग तेवढा दोनदा बदलला. चॉक फार्मवरही बोट ठेवावं. तिथून जवळ, किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब आंबेडकर 1921-22 या काळात राहत होते. तेव्हा बेकचा नकाशा जन्मायचा होता. त्या वेळचे नकाशे रुळांच्या खऱ्या वळणांनी जायचे. 'बाबासाहेबांनी वापरलेला नकाशा' म्हणून कोणी बेक गळ्यात मारू लागला, तर त्याला तारीख विचारावी.

टांगायची उंची डोळ्यांच्या पातळीची. सोफ्याच्या वर दोन हात उंच लावलेला नकाशा वाचता येत नाही, आणि स्टेशनांची नावं वाचायचीच नसतील तर त्या किमतीत भिंतीला रंग होतो. समोर उभं राहून नाक लावता येईल अशी जागा हवी. अंतर मात्र मोजू नये. लेस्टर स्क्वेअर ते कव्हेंट गार्डन हे जेमतेम 260 मीटर. नकाशावर विश्वासून लोक तेवढ्यासाठी खाली उतरतात आणि गाडीची वाट बघतात.

ज्यांना लंडन फार घरोघरी झालं असं वाटतं, त्यांच्यासाठी मासिमो विग्नेल्लीचा 1972चा न्यूयॉर्क सबवेचा नकाशा. त्यात रुंदीच्या जवळपास पाचपट लांब असलेलं सेंट्रल पार्क चक्क चौकोनी झालंय, तेही करडं, आणि पाणी बदामी रंगाचं आहे. पार्काच्या कडेच्या स्टेशनावर उतरून चालत सुटलेल्या माणसाचं काय झालं असेल याचा विचार करावा. प्रवासी वैतागले आणि 1979मध्ये तो गेला. त्याच्या जागी मायकेल हर्ट्झच्या कंपनीनं केलेला, रस्ते आणि बागा दाखवणारा नकाशा आला. रुळांवरून उतरलेला विग्नेल्ली थेट म्युझियममध्ये आणि तिथून दिवाणखान्यांत शिरला. पण 2025मध्ये न्यूयॉर्कनं त्याच्याच वळणाचा आराखडा पुन्हा डब्यांत लावायला घेतला, त्यामुळे कालबाह्य म्हणून हौसेनं फ्रेम करून घेतलेल्यांची पंचाईत झाली आहे. त्यांनी आता लगबगीनं हर्ट्झचा नकाशा शोधावा. तो आत्ताच जुना झालाय, अजून स्वस्तात मिळायची आशा आहे.